स्वीट जीन मोजताना आकडा दर वेळी वेगळा का येतो?

"ताई, ज्वारीत पन्नासच्या वर येतायत. संशोधनाच्या पेपरात तर तेवीसच हायेत. आकडा काय जुळंना झालाय बघा."

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की असा फोन येतोच. कधी निपाणीहून, कधी खानापूरहून, कधी चिकोडीहून, तर कधी इथल्याच शहापूर-टिळकवाडीतून. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र असतं. एक जीन फॅमिली, म्हणजे एकाच घडणीच्या जीनचा गट, निवडायची आणि ती चार-पाच वनस्पतींच्या जीनोममध्ये (त्यांच्या सगळ्या डीएनएत) ताडून बघायची, असा विषय असतो. रसायनांचा खर्च नाही, मोठं यंत्र लागत नाही, लॅपटॉप आणि नेट असलं की काम सुरू. सीमाभागातल्या मुलांसाठी मला हा विषय मनापासून आवडतो. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुलं अडली, तर मराठीत वाचायला काही सापडत नाही आणि इंग्रजीत कुणाला विचारायचा धीर होत नाही. म्हणून फोनवर जे परत परत सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण स्वीट जीनचं घेते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी तिथेच पाहिला आहे. त्यातलं बरंच काही इतर जीन फॅमिलींनाही लागू पडतं.

स्वीट म्हणजे पेशीच्या पडद्यातून साखर आत-बाहेर नेणारी वाहक प्रथिनं. २०१० साली त्यांची ओळख पटली. पानात तयार झालेली साखर पेशीबाहेर काढून अन्नवाहिनीकडे सोपवणं, फुलात मकरंद भरणं, दाण्यात साखर पोचवणं, अशा कामांत यांचा हात असतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हा विषय परका वाटायचं कारण नाही. खानापूरकडच्या भातालाही तो चिकटलेला आहे. कडा करप्याचा जिवाणू भाताच्या पेशीत आपलं प्रथिन सोडतो, ते ओएस-स्वीट-११ हा जीन जबरदस्तीने चालू करतं, आणि बाहेर आलेल्या साखरेवर जिवाणू पोसतो. या जीनच्या सुरुवातीच्या नियंत्रण-भागात बदल असला की जिवाणूला ती कळ दाबता येत नाही. हाच तो एक्सए-१३ नावाचा प्रतिकार. २००७ साली आलेल्या सुधारित पुसा बासमती-१ मध्ये तो एक्सए-२१ च्या जोडीने आणलेला आहे. त्यामुळे हे जीन नेमके किती आणि कोणते, या प्रश्नाची मुळं शेतात आहेत.

हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात १७, भातात २१, ज्वारीत २३. ज्या पिकाचा आकडा कुणालाच माहीत नाही, त्याला हात लावायच्या आधी तुमची पद्धत या तिघांवर चालवा. तिथे जुळली नाही तर उसात ती बरोबर चालेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांनी ही पायरी गाळलेली असते आणि पहिल्याच दिवशी थेट उसाचा जीनोम उतरवायला घेतलेला असतो.

आकडा जवळपास दुप्पट येतो

सुरुवातीला सांगितलेला फोन निपाणीच्या मुलीचा, तिची अडचण हीच होती. ज्याला स्वीट फॅमिलीची घडण माहीत आहे त्याला ती दोन मिनिटांत सापडते.

वनस्पतीतलं स्वीट प्रथिन साधारण अडीचशे अमिनो आम्लांचं असतं आणि पडद्यातून सात वेळा आरपार जातं. या सातांची मांडणी ३-१-३ अशी असते. तीन वेढ्यांचा एक डोमेन (प्रथिनाचा ठरावीक घडणीचा भाग), मध्ये जोडणारा एक वेढा, मग पुन्हा तीन वेढ्यांचा तसाच दुसरा डोमेन. म्हणजे एकाच प्रथिनात तोच डोमेन दोनदा. पीफॅम या डोमेनच्या सूचीत याचा क्रमांक पीएफ ०३०८३, नाव एमटीएन३-सलायव्हा. जिवाणूंमध्ये याचं अर्धं रूप सापडतं, एकाच डोमेनचं. त्याला सेमी-स्वीट म्हणतात.

आता हम्मर, म्हणजे प्रथिनांत असे डोमेन शोधणारा प्रोग्रॅम, चालवल्यावर दोन प्रकारचे तक्ते मागता येतात. एकात दर प्रथिनामागे एक ओळ असते, दुसऱ्यात दर डोमेनमागे एक ओळ. मुलं दुसरा तक्ता घेतात, कारण त्यात डोमेन कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं, आणि मग ओळी मोजतात. अरॅबिडॉप्सिसचे १७ तिथे ३४ ओळींच्या आसपास दिसणार, ज्वारीचे २३ जवळपास ४६. त्यात आयसोफॉर्म, म्हणजे एकाच जीनची वेगवेगळी रूपं, मिसळले की पन्नास सहज ओलांडतात.

माझ्या भावाची ऊसशेती सदलग्याकडे आहे, म्हणून मी तिला त्याचंच उदाहरण दिलं. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी दहा हजार लागतात. कुणी डोळे मोजून वीस हजार झाली म्हणाला, तर भाऊ काय म्हणेल? डोळे वीस हजार खरेच आहेत, टिपरी मात्र दहाच हजार. तू डोळे मोजलेस. तिला लगेच उमगलं.

उपाय सोपा आहे. तक्त्याचा प्रथिनाच्या नावाचा रकाना वेगळा काढा, पुनरावृत्ती गाळा, मग मोजा. डोमेनचा तक्ता फेकून मात्र देऊ नका, पुढे लागणार आहे.

अर्धे डोमेन असलेली प्रथिनं

हा तक्ता इथेच कामाला येतो. प्रत्येक प्रथिनासमोर त्यात किती डोमेन सापडले ते लिहा. बहुतेकांसमोर २ येईल. काहींसमोर १ येईल, आणि क्वचित ३ किंवा ४.

एक आला की मुलं दोनपैकी एक चूक करतात. एक तर ते प्रथिन डोळे झाकून यादीत ठेवतात, नाही तर डोळे झाकून काढून टाकतात. थोडं थांबा. एक डोमेन दिसण्याची निदान तीन कारणं असू शकतात. पहिलं, दुसरा डोमेन आहे, पण क्रम थोडा बदलल्यामुळे तो मर्यादेच्या जरासा खाली राहिला. प्रथिनाची लांबी अडीचशेच्या आसपास असेल तर बहुधा हेच. दुसरं, जीन खरोखरच तुटलेला आहे, निकामी झालेला आहे. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संगणकाने जीनची हद्द चुकीची आखली आणि एकाच जीनचे दोन तुकडे शेजारी-शेजारी दोन जीन म्हणून नोंदवले. तसं असेल तर एकाच गुणसूत्रावर, एकाच दिशेने, लागूनच दोन नोंदी दिसतील. प्रत्येकीत एक डोमेन, आणि दोघींची लांबी मिळवली की पूर्ण स्वीटएवढी. ज्वारीतल्या किंवा भातातल्या जवळच्या जीनशी दोन्ही तुकडे जुळवून बघा. एक तुकडा पहिल्या अर्ध्यावर आणि दुसरा दुसऱ्या अर्ध्यावर बसला, तर तो एकच जीन आहे. चार डोमेन आले तर याच्या उलट शंका घ्या: दोन शेजारी जीन चुकून एकत्र शिवले गेले नाहीत ना?

सात वेढे दाखवणारा प्रोग्रॅम कधी कधी सहाच दाखवतो. तेवढ्यावरून प्रथिन बाद करू नका. तो अंदाज आहे, आणि काठावरचा वेढा त्याच्या नजरेतून सुटतो.

आकडा दुप्पट नाही, पण दीडपट वगैरे येतो

हे बहुतेक वेळा आयसोफॉर्मचं काम. एका जीनपासून कापाकापीच्या वेगवेगळ्या पद्धतींनी अनेक ट्रान्स्क्रिप्ट (आरएनए प्रती) निघतात आणि प्रथिनांच्या फाइलमध्ये प्रत्येकाची वेगळी नोंद असते. अरॅबिडॉप्सिसच्या अॅरापोर्ट-११ या नोंदवहीत (कोणता जीन कुठे आहे याच्या यादीत) प्रथिन बनवणारे जीन २७,६५५ आहेत, पण त्यांचे ट्रान्स्क्रिप्ट ४८,३५९. दर जीनमागे एकच प्रथिन, शक्यतो सगळ्यात लांब, ठेवूनच पुढे जायचं. फायटोझोम या वनस्पतींच्या जीनोमच्या संकेतस्थळावर ही गाळलेली फाइल तयारच मिळते, नावात प्रायमरी ट्रान्स्क्रिप्ट असं लिहिलेलं असतं.

स्वतः गाळणार असाल तर एक खड्डा आहे, आणि त्यात पडलेली मुलं मी इतकी पाहिली आहेत की वेगळा परिच्छेद लिहायलाच हवा.

अरॅबिडॉप्सिसमध्ये जीनच्या नावानंतर टिंब आणि मग आयसोफॉर्मचा क्रमांक असतो. म्हणून मुलं 'पहिल्या टिंबानंतरचं सगळं काढ' अशी एक ओळ लिहितात. अरॅबिडॉप्सिसवर ती छान चालते. तीच ओळ ज्वारीवर चालवली की सगळे जीन मिळून एकच उरतो, कारण ज्वारीच्या नावात 'सोबिक' या शब्दानंतर लगेच टिंब येतं, जीनचा क्रमांक त्याच्यापुढे. सोयाबीनच्या 'ग्लायमा'चंही तसंच. मक्यात टिंबाऐवजी खालची रेघ आणि पी हे अक्षर. भाताच्या रॅप नोंदवहीत तर जीनच्या नावात जी असतो आणि ट्रान्स्क्रिप्टच्या नावात त्याच जागी टी, वर शेवटी आडवी रेघ आणि दोन आकडे. नुसतं शेपूट कापलं तरी दोन्ही नावं जुळत नाहीत.

म्हणून नावांची कापाकापी करूच नका. जीनोमवर जीन कुठे आहेत ते नोंदवणारी जीएफएफ फाइल उघडा. त्यात प्रत्येक ट्रान्स्क्रिप्टसमोर त्याचा पालक जीन कोणता ते लिहिलेलं असतं. त्यातून दोन रकान्यांचा तक्ता बनवा, एका बाजूला ट्रान्स्क्रिप्ट, दुसऱ्या बाजूला जीन. एकदा बनवला की कायम उपयोगी पडतो.

काल आलेले आज येत नाहीत

खानापूरच्या एका मुलाने भात, ज्वारी आणि मका वेगवेगळे शोधले. पुढच्या आठवड्यात वेळ वाचवण्यासाठी तिन्हींच्या प्रथिनांची एकच फाइल केली आणि पुन्हा शोधलं. काही जीन गायब. त्याने प्रोग्रॅम दोनदा नव्याने बसवला. चूक प्रोग्रॅमची नव्हतीच.

ई-व्हॅल्यू फाइलच्या आकारावर अवलंबून असते. एवढ्या प्रथिनांत निव्वळ योगायोगाने इतकं साम्य किती वेळा दिसेल, असं ती सांगते. प्रथिनं दहापट झाली की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यू दहापट होते. काठावरचा जीन मग पलीकडे पडतो. बिट-स्कोर, म्हणजे त्या जुळणीला मिळालेले गुण, असा बदलत नाही. त्यामुळे तुलना करायची असेल तर ई-व्हॅल्यूची मर्यादा सोडा आणि पीफॅमने त्या डोमेनसाठी ठरवून दिलेली गॅदरिंग मर्यादा, म्हणजे किमान स्कोर, वापरा. हम्मरमध्ये तो पर्याय आहे. सगळ्या वनस्पतींना एकच मोजपट्टी लागते.

यात एक फायद्याची गोष्टही आहे. खरं, पूर्ण स्वीट प्रथिन कधीच काठावर नसतं, त्याचा स्कोर भरभक्कम येतो. आज आहे उद्या नाही असे जे हेलकावे खातात, ते बहुतेक तुकडे असतात. त्यांची वेगळी यादी करा आणि वर सांगितल्याप्रमाणे एकेक तपासा. मर्यादा वर-खाली सरकवत पेपरातला आकडा गाठायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. तेवीसच्या जागी बावीस किंवा चोवीस आले, तर कोणता जीन जास्तीचा किंवा कमी आहे ते नावानिशी सांगा. परीक्षकाला ते पटतं, कारण नव्या नोंदवहीत एखादा जीन दुरुस्त झालेला असू शकतो. जुळवून आणलेल्या तेवीसमध्ये चुकीचे दोन आत आणि बरोबरचे दोन बाहेर असतील, तर पुढचं सगळं काम वाया जातं.

भाताचे दोन आकडे

भाताच्या निप्पोनबारे या एकाच वाणाच्या एकाच जीनोमवर दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत, एक रॅप आणि दुसरी एमएसयू. २०१३ साली दोघींनी जीनोमचा पाया एक केला, पण जीनच्या हद्दी आपापल्याच ठेवल्या. एमएसयूमध्ये सुमारे ५६ हजार नोंदी आहेत, त्यातल्या उड्या मारणाऱ्या जीनच्या, म्हणजे ट्रान्स्पोझॉनच्या नोंदी वगळल्या की ३९ हजारांच्या आसपास उरतात. एका मुलीने प्रथिनं एका नोंदवहीतून आणि जीएफएफ दुसरीतून घेतली होती. नावं जुळतच नव्हती. कोणतीही एक धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

शेवटच्या गुणसूत्रांवर काहीच नाही

याचं कारण जीवशास्त्रात शोधू नका. आपल्याकडे रात्री फाइल उतरवायला लावून झोपायची सवय, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. फाइल अर्धी उतरते. उघडताना शेवटी एक तक्रारीची ओळ येते, ती वाचली जात नाही, आणि निम्मी फाइल उघडतेच. प्रथिनं बहुधा गुणसूत्रांच्या क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे १ ते ७ वर जीन मिळतात आणि ८, ९, १० रिकामी. एका मुलाने यावरून 'ज्वारीच्या उत्क्रांतीत या गुणसूत्रांवरचे स्वीट जीन नष्ट झाले' असा सबंध परिच्छेद लिहिला होता. फार मेहनत घेऊन लिहिला होता, त्याला सांगताना मलाच वाईट वाटलं. फाइलबरोबर दिलेला एमडी-५ आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते कळण्याची खूण, ताडून बघा. तो नसेल तर एकूण प्रथिनं किती ते मोजा आणि संकेतस्थळावर लिहिलेल्या संख्येशी जुळतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

असाच आणखी एक त्रास. नावांची यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये बनवली, लिनक्सवर नेली, आणि एकच जीन जुळला, तोही यादीतला शेवटचा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जास्तीचं अक्षर सोडतं. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नसलं की ती तेवढी सुटते, म्हणून ती एकच जुळते. ते अक्षर काढणारं डॉस-टू-युनिक्स चालवलं की झालं. आणि नावं शोधताना अख्खं नाव जुळलंच पाहिजे अशी अट घाला. नाही तर स्वीट-१ शोधताना १० ते १७ पण येतात, आणि नावातलं टिंब 'कोणतंही अक्षर' म्हणून धरलं जातं.

ऊस: इथे आकड्याचा अर्थच बदलतो

आता खरं अवघड काम. आपल्या भागातल्या बहुतेकांना शेवटी उसावरच यायचं असतं आणि यायलाच हवं. पण 'उसात स्वीट जीन किती' या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि याचं कारण उसाच्या इतिहासात आहे.

आज शेतात असलेला ऊस संकरित आहे. गोड, जाड कांडीचा सॅकरम ऑफिसिनॅरम आणि रानटी, काटक सॅकरम स्पॉन्टेनियम यांचा संकर कोइम्बतूरला झाला, त्यातून को २०५ हा वाण १९१८ साली आला, आणि को नावाची मालिका तिथून पुढे ८६०३२ पर्यंत आपल्या बांधावर पोचली. अशा संकरित उसात गुणसूत्रं शंभर ते एकशेतीस. एकाच जीनच्या अनेक प्रती, थोड्याथोड्या फरकाच्या, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बसलेल्या. या प्रतींना अॅलील म्हणायचं. त्या वेगळे जीन नव्हेत.

आता 'ऊस' या नावाखाली तुम्ही काय उतरवलं आहे ते बघा. २०१८ साली सॅकरम स्पॉन्टेनियमच्या एपी ८५-४४१ या रोपाचा जीनोम आला. त्यात ३२ गुणसूत्रं, आठ गटांत प्रत्येकी चार, म्हणून त्यांना १ए, १बी, १सी, १डी अशी नावं आहेत. त्याच साली रियुनियन बेटावरच्या आर ५७० या वाणाचा एक जीनोम आला, पण तो ज्वारीच्या आधाराने जोडलेला, जवळपास एकेरी संचाचा. आणि २०२४ साली त्याच आर ५७० चा बहुगुणित जीनोम आला, सुमारे ११४ गुणसूत्रांच्या वाणाचा. त्यात जिथे प्रती अगदी सारख्या आहेत तिथे एकच ठेवलेली आहे. तिघांवर एकच पद्धत चालवली तरी तीन आकडे येणार, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. तुम्ही कोणता जीनोम घेतला हे न लिहिता नुसतं 'उसात इतके' असं लिहिलंत, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आपल्या शेतात ८६०३२ आहे म्हणून आपण ८६०३२ चे जीन मोजले असंही होत नाही.

मी मुलांना मोजपट्टी म्हणून ज्वारी घ्यायला सांगते. ज्वारीचा जीनोम २००९ साली आला, वाण बीटीएक्स ६२३, गुणसूत्रं दहा, आकार सुमारे ७३ कोटी बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. ऊस आणि ज्वारी ही जवळची भावंडं. शिवाय गवतकुळातल्या जुन्या सामाईक दुपटीनंतर ज्वारीचा अख्खा जीनोम पुन्हा दुप्पट झालेला नाही. त्यामुळे ज्वारीतला एक जीन आणि उसातला प्रतींचा एक गट अशी जोडी लावणं बऱ्यापैकी सरळ जातं.

कागदावर तक्ता आखा. उभ्या रकान्यात ज्वारीचे २३ जीन. आडव्यात ए, बी, सी, डी. एपी ८५-४४१ मध्ये सापडलेलं प्रत्येक स्वीट प्रथिन वंशवृक्षात ज्वारीच्या कोणत्या जीनजवळ बसतं आणि गुणसूत्रावर त्याचे शेजारी तेच आहेत का, हे बघून त्याला घर द्या. दोन्ही कसोट्या लागतात, नुसत्या वंशवृक्षावर भागत नाही. गुणसूत्रांचे क्रमांक थेट जुळतील असं समजू नका. ज्वारीत मूळ संख्या दहा, स्पॉन्टेनियममध्ये आठ. ज्वारीच्या ५ आणि ८ शी जुळणारे भाग तुटून दुसऱ्या गुणसूत्रांना जोडले गेले आहेत. शेजारी जीन बघितले की ते आपोआप लक्षात येतं.

तक्ता भरला की चित्र दिसू लागतं. एका ओळीत चारही घरं भरली तर एक जीन, चार अॅलील. एकाच घरात, म्हणजे त्याच गुणसूत्रावर, लागूनच दोन आले तर ती शेजारची खरी दुप्पट, तिथे दोन जीन मोजा. एखादं घर रिकामं राहिलं तर 'जीन नष्ट झाला' असं लगेच लिहू नका. ज्वारीचं प्रथिन घेऊन थेट जीनोमवर शोधा, कारण कधी जीन असतो पण नोंदवलेला नसतो. हे शोधायला मिनीप्रॉट हा प्रोग्रॅम वापरा. साधा टी-ब्लास्ट-एन वापरला तर नव्याने गोंधळ होतो. स्वीट जीनमध्ये साधारण सहा एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात, टी-ब्लास्ट-एन प्रत्येकाची वेगळी जुळणी दाखवतो, आणि मुलं सहा तुकड्यांचे सहा जीन करतात. तीच डोळे आणि टिपरीची चूक, दुसऱ्या दाराने. जीनोमची फाइल घेतानाही बघा. पुनरावृत्तीचे भाग बारीक अक्षरांत लिहिलेली फाइल चालते. ते भाग एन लिहून पुसून टाकलेली फाइल घेतली तर कधी जीनचा तुकडाही पुसला गेलेला असतो.

अहवालात मग दोन आकडे लिहा: जीन इतके, अॅलील धरून प्रती इतक्या. दोन्ही लागतात. ऊस सुधारणेचं काम करणाऱ्याला प्रती किती हे कळलंच पाहिजे, कारण एखादा जीन बंद करायचा तर सगळ्या प्रती बंद कराव्या लागतात.

सोयाबीनचं याहून वेगळं आहे. बैलहोंगलकडच्या मुली ते हटकून घेतात. तिथे ५२ स्वीट जीन आहेत आणि ते खरेच तेवढे आहेत. सोयाबीनचा अख्खा जीनोम सुमारे ५ कोटी ९० लाख आणि १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी असा दोनदा दुप्पट झाला. त्या प्रती आता स्थिर झाल्या आहेत, स्वतंत्र वारसा चालवतात. त्यांना अॅलील समजून गाळू नका.

नावावरून नातं जोडू नका

फोनवर शेवटी हमखास निघणारा विषय. भाताचा स्वीट-११ आणि अरॅबिडॉप्सिसचा स्वीट-११ यांचा क्रमांक एक आहे, पण म्हणून ते एकमेकांचे थेट जोडीदार होत नाहीत. दोघंही तिसऱ्या शाखेतले, म्हणजे मुख्यतः सुक्रोज वाहून नेणाऱ्यांच्या गटातले, एवढंच खरं. क्रमांक ज्याने त्याने आपापल्या वनस्पतीत दिले. शाखा चार आहेत: अरॅबिडॉप्सिसमध्ये १ ते ३ पहिली, ४ ते ८ दुसरी, ९ ते १५ तिसरी, १६ आणि १७ चौथी. तुमच्या वंशवृक्षात हे १७ जण असे चार गटांत बसले नाहीत, तर आधी जुळणी तपासा. बहुतेक वेळा एखादा तुकडा प्रथिन आत शिरलेलं असतं आणि त्याने शेजाऱ्यांना ओढलेलं असतं. तो काढा, जुळणी पुन्हा करा, मग वृक्ष.

आणि फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: जीनोम कोणाचा आणि कोणत्या साली आलेला, नोंदवहीचं नाव आणि आवृत्ती, फाइलमध्ये एकूण प्रथिनं किती, कोणती मर्यादा वापरली, आणि अरॅबिडॉप्सिसवर तुमचा आकडा किती आला. शेवटचा आकडा १७ नसेल, तर आपण बोलायला तिथूनच सुरुवात करू.